एकतीस थँक्यू

"पाटी या बाजूला होती ना, मावशी? डावीकडं?"

चित्रकार बाईंनी जेवणाच्या टेबलावर सोळा पानं ओळीने मांडली होती. प्रत्येक पानावर एक चित्र आणि खाली एक-दोन ओळी. मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. उजवा पाय त्यांनी टेबलाखाली सरळ सोडला होता, कारण गुडघा वाकवून त्यांना फार वेळ बसवत नसे.

"मधोमध," त्या म्हणाल्या. "मागच्या काचेच्या मधोमध. दोरीला लटकवलेली."

बाईंनी पेन्सिलीने खूण केली.

शाळेच्या बसमधली ही पाटी एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने हिरवी होती. लाल म्हणजे आत मुलं आहेत, हिरवी म्हणजे बस रिकामी. मुलं उतरली की मावशींनी शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, प्रत्येक सीट आणि सीटखालची जागा बघायची आणि मग पाटी हिरवी करायची. त्यानंतर ड्रायव्हरने स्वतः एकदा आत नजर टाकून दाराला कुलूप लावायचं. नियम एवढाच होता. तो बसमध्ये चढण्याच्या पायरीशेजारी छापून चिकटवलेलाही होता.

पुस्तकाचं नाव होतं 'थँक्यू, बसमावशी'. चित्रकार बाईंचं लहान मुलांसाठीचं हे तिसरं पुस्तक. पहिल्या दोन पुस्तकांतही थँक्यूच होतं. पहिल्यातला मुलगा दिवसभर भेटेल त्याला थँक्यू म्हणत सुटतो. टपाल आणणाऱ्याला, दात काढणाऱ्या डॉक्टरला, शेवटी स्वतःच्या बुटांनाही. शाळेने ते पुस्तक प्रत्येक वर्गात ठेवलं आणि महिन्याभरात बसमधलं प्रत्येक मूल उतरताना "थँक्यू, मावशी" म्हणू लागलं. म्हटल्याशिवाय खाली पाय ठेवायचं नाही, असं त्यांनी आपापसांत ठरवलं होतं. ड्रायव्हर म्हणायचा, या थँक्यूपायी आपण रोज चार मिनिटं उशिरा पोचतो, कुणीतरी सॉरीचं पुस्तक काढा म्हणजे मिटेल.

मावशींनी पानं नीट पाहिली. स्वतःचं चित्र त्यांना ओळखू आलं. निळा गणवेश, केसांचा घट्ट अंबाडा, जरा जाड हनुवटी. मग त्या सातव्या पानावर थांबल्या.

सातव्या पानावर एक उंच माणूस पाठमोरा चालत निघाला होता. बोटात किल्ल्यांचा जुडगा, ओठांचा चंबू, डोक्याभोवती शिट्टीचे सूर. मागे बंद बस. खाली लिहिलं होतं : "ड्रायव्हरकाकांचं लक्षच नव्हतं. त्यांनी कुलूप लावलं आणि ते निघून गेले."

"यांचा चेहरा नाही दाखवला?" मावशींनी विचारलं.

"मुद्दामच. उगाच कुणाला ओळखू यायला नको."

पण हात सरावाचा होता आणि बाईंनी त्या माणसाला दोन वर्षं रोज सकाळी पाहिलं होतं. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलेला होता. मानेभोवती घाम टिपायचा पंचा होता, आणि त्याचं एक टोक कॉलरमध्ये खोचलेलं होतं. शाळेतलं कुठलंही मूल बोट ठेवून सांगू शकलं असतं.

"यात पट्टा नाहीये," मागून आवाज आला.

बाईंची मुलगी दारात उभी होती. साडेपाच वर्षांची. सतत काहीतरी गुणगुणत असायची, म्हणून बसमध्ये तिचं नाव भुंगा पडलं होतं. गेल्या चार महिन्यांत ते नाव कुणी घेतलं नव्हतं, कारण ती गुणगुणत नव्हती. त्या खोलीला दार होतं, पण ते आता कधीच लावत नसत. ते लागू नये म्हणून त्याच्या फटीत दुमडलेला पुठ्ठा खोचून ठेवला होता.

"कसला पट्टा?" मावशींनी विचारलं, विचारायची गरज नसताना.

"तुझा. गुडघ्याचा. तू तो घ्यायला आली होतीस."

बाई हसल्या. "हे हिचं रोजचं चाललंय. मी म्हटलं, अगं, पट्ट्याचं निमित्त. खरं तर मावशींच्या मनातच आलं होतं, की काहीतरी राहिलंय. हो की नाही, मावशी?"

मावशींनी कप उचलून तोंडाला लावला. चहा मघाशीच संपला होता.

बाईंनी त्यांना सगळ्या पानांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिल्या. घरी निवांत बघा, कुठं काही चुकलं असेल तर गुरुवारपर्यंत सांगा, शुक्रवारी सकाळी छापखान्यात जायचंय, असं त्या म्हणाल्या. दोनशे प्रती शाळाच घेणार होती. वर्षअखेरच्या कार्यक्रमात मावशींना व्यासपीठावर बसवायचं आणि पहिलीतल्या मुलांनी पुस्तक वाचून दाखवायचं, असंही ठरलं होतं. निरोप देताना बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. तो मंगळवार होता.

*

चार महिन्यांपूर्वीची ती सकाळ मावशींना मिनिटांसकट पाठ होती.

गुडघा दोन वर्षांपासून गेलेला होता. बस चालू असताना मुलांना बसवायला शेवटच्या सीटपर्यंत जावंच लागे, आणि शाळेत पोचल्यावर पाटीसाठी तीच फेरी पुन्हा. अकरा सीटा मागे, अकरा सीटा पुढे. केव्हातरी त्यांनी एक फेरी वाचवली. पाण्याच्या टाकीजवळचा थांबा शेवटचा. तिथे चढणाऱ्या मुलांना मागे बसवून झालं, की त्या तिथेच पाटी उलटून हिरवी करत आणि पुढे येऊन बसत. शाळेत पोचल्यावर खाली दाराशी उभं राहून मुलं मोजली, की काम झालं. सुरुवातीला गुडघा फारच ठणकेल त्या दिवशी त्या असं करत. पुढे रोजच करू लागल्या.

मोजणीही हळूहळू बदलली होती. एकोणीस वर्षं त्यांनी प्रत्येक डोक्याला हात लावून मुलं मोजली होती. पण शाळेच्या दाराशी गाड्यांची गर्दी असे आणि एक डोळा रस्त्यावर ठेवावा लागे. मुलं थँक्यू म्हणू लागल्यावर त्या न बघता मोजू लागल्या. एक थँक्यू म्हणजे एक मूल. एकतीस थँक्यू झाले, की त्या ड्रायव्हरला हात करत.

त्या दिवशी एकतीस झाले. त्यांतले दोन एकाच मुलाचे होते. पाण्याची बाटली राहिली म्हणून तो उतरून पुन्हा वर चढला आणि नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा थँक्यू म्हणून उतरला. शेवटच्या सीटवर भुंगा झोपली होती.

बस शेडमध्ये लागली. मावशींनी पुढच्या सीटवर बसून गुडघ्याचा पट्टा सोडला, कारण उन्हात तो चावे. तपकिरी पट्टा, चिकटायची बाजू झिजलेली, म्हणून निळ्या दोऱ्याने शिवलेली. तो तिथेच विसरून त्या कामगारांच्या खोलीत गेल्या. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, पाटी हिरवी होती. त्याने काचा आणि दार बंद केलं आणि किल्ल्या खुंटीला लावल्या. बेचाळीस मिनिटांनी मावशी उठल्या, तर पाय टेकवेना. त्यांनी किल्ली घेतली, दार उघडलं, पट्टा उचलला आणि त्या वळल्या. तेव्हा त्यांना सीटांमधल्या वाटेत एक लहान बूट पडलेला दिसला.

भुंगा मागच्या काचेला टेकून बसली होती. कपडे ओले, चेहरा लालभडक. ती रडत नव्हती.

चौकशीला तीन माणसं होती आणि ती सव्वा तासात संपली. पाटी कुणी उलटली, असं मावशींना विचारलं. मी, असं त्यांनी सांगितलं. केव्हा उलटली, हे कुणी विचारलं नाही. मूल सीटखाली सरकलं असेल, म्हणून दिसलं नसेल, असं समितीने स्वतःच ठरवलं. ड्रायव्हरला विचारलं, कुलूप लावण्याआधी आत जाऊन पाहिलं का? त्याने नाही म्हणून सांगितलं. मग त्याने एकदा मावशींकडे पाहिलं. मावशी पायरीशेजारच्या नियमासारख्या गप्प होत्या. ड्रायव्हरला काढलं. मावशींना शाबासकीचं पत्र मिळालं. ते त्यांच्या मुलीने प्लास्टिकमध्ये घालून घरात भिंतीला लावलं.

*

बुधवारी दुपारच्या फेरीआधी दोन तास मोकळे होते. मावशी फोल्डर घेऊन पाण्याच्या कॅनच्या गोदामावर गेल्या. ड्रायव्हर आता तिथे टेम्पो चालवत होता. रिकाम्या कॅनच्या ढिगाला पाठ लावून तो डबा खात बसला होता. त्याने त्यांना लांबूनच पाहिलं, पण तो उठला नाही.

"या," तो म्हणाला. "पुस्तकातल्या मावशी."

म्हणजे बातमी पोचली होती. त्यांनी फोल्डर पुढे केला. त्याने हात पुसले आणि पानं एकेक करत पाहिली. सातव्यावर तोही थांबला.

"खांदा बरोबर काढलाय," तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "मी शिट्टी कधी वाजवली, ताई?"

"नाही वाजवलीस."

"अकरा वर्षांत?"

"कधीच नाही."

त्याने पान परत ठेवलं आणि डब्याचं झाकण लावलं. डबा अर्धाच संपला होता. मावशींनी मग जे चार महिने कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. समितीपुढे तू बोलला का नाहीस?

"काय बोलायचं? दोन वर्षं मला आरशात हिरवी पाटी दिसत होती. बसमध्ये एकतीस पोरं कोकलतायत आणि पाटी सांगतेय बस रिकामी आहे. मी काय आंधळा होतो? ताईचा गुडघा दुखतो, जाऊ दे, असं म्हणून मीच चालवून घेतलं. ते सांगितलं असतं तर दोघंही गेलो असतो. म्हटलं, एक तरी राहील."

"मला वाटलं, तुला राग असेल."

"होता की. पंधरा दिवस मी वाट बघितली. म्हटलं, ताई जाईल आणि सांगेल. ताई तशी सरळ आहे." त्याने एका कॅनवरचा चिखल अंगठ्याने खरवडला. "मग हा टेम्पो मिळाला."

गोदामाच्या आत कुणीतरी कॅन एकावर एक आपटत रचत होतं.

"हे वर्गात वाचणार का?" त्याने विचारलं.

"प्रत्येक वर्गात एक ठेवणार आहेत."

"माझी धाकटी दुसरीत आहे," तो म्हणाला.

हे मावशींना माहीत होतं. ती त्यांच्याच बसमध्ये येत होती, चौथ्या सीटवर खिडकीशी बसायची. बाप गाडीवर होता तेव्हा ती उतरताना दोन थँक्यू म्हणायची. एक मावशींना आणि एक पुढे वाकून बापाला. आता एकच म्हणत होती.

त्या निघाल्या तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "एवढ्या लांब आलीस ते आभार मानायला आली असशील, तर राहू दे ताई. आपल्यात ते कधी नव्हतं."

संध्याकाळी घरी त्यांनी मुलीला सांगितलं. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती आणि तिच्या बोलण्यात एक प्रकारचा हिशेबीपणा होता, वाईट नव्हे, पण होता. तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग तिने निवृत्तीला आठ महिने उरल्याची आठवण करून दिली. ड्रायव्हरला दुसरं काम मिळालेलं आहे, चौकशी बंद झालेली आहे, मूल सुखरूप आहे, हे बोटांवर मोजून दाखवलं. शेवटी ती वैतागून म्हणाली, "पण तुला कुणी विचारलंय का?"

"नाही विचारलं," मावशी म्हणाल्या. "तेच तर."

*

गुरुवारी सकाळची फेरी संपवून त्या चित्रकार बाईंकडे गेल्या. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातावर रंग होता आणि त्या खुशीत होत्या. पाटी मधोमध आली होती. मावशींच्या चित्रातली हनुवटी त्यांनी जरा बारीक केली होती आणि तेच त्या आधी हसत हसत सांगू लागल्या.

मावशी बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून त्यांनी उभ्यानेच सांगितलं, क्रमाने, जसं घडलं तसं. आधी मोजणीचं. मग पाटीचं. मग पट्ट्याचं. मनाला चुटपुट लागली नव्हती, गुडघ्याला कळ लागली होती, हेही सांगितलं. आणि ड्रायव्हर शिट्टी वाजवत नाही.

बाई ऐकत राहिल्या. हातातला कुंचला त्यांनी पाण्यात ठेवला.

"पाटी केव्हा उलटली होती?"

"टाकीजवळच्या थांब्यावर. सात चाळीसला."

"ही कुठल्या थांब्यावर चढते?"

"त्याच्या आधीच्या."

"म्हणजे ही बसमध्ये होती."

"हो."

"आणि पाटीवर बस रिकामी होती."

"हो."

कुंचल्याच्या भांड्यातलं पाणी हळूहळू निळं होत गेलं. बाई त्याच्याकडे बघत होत्या.

"चाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या.

"बेचाळीस," मावशी म्हणाल्या. तो आकडा तिथे दुरुस्त करायला नको होता, हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

बाईंनी टेबलावरची पानं उचलायला सुरुवात केली. घाई नव्हती. एकेक पान उचलून त्या ते पालथं ठेवत होत्या. नववं पान आलं. त्यात मावशी शेडकडे धावत निघाल्या होत्या. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, गुडघे चांगले वाकलेले. खाली ओळ होती : "पण मावशीच्या मनाला चैन पडेना." बाईंनी तेही पालथं घातलं.

"मी तुमचे आभार मानत होते," त्या म्हणाल्या. "चार महिने. रोज झोपताना तिच्याकडून म्हणवून घेत होते."

मावशींनी मान खाली घातली. माफी मागावी असं त्यांच्या मनात येताना होतं, वाटेत शब्दही जुळवले होते. ते आता टेबलावर ठेवण्यासारखे वाटेनात.

"तुम्ही जा आता," बाई म्हणाल्या. सगळं ऐकल्यापासून त्यांनी एकदाही मावशी म्हटलं नव्हतं.

भुंगा आतून पळत दाराशी आली. घरी आलेलं माणूस जायला निघालं की काय करायचं, हे तिला शिकवलेलं होतं.

"आई, मावशीला थँक्यू म्हणू?"

"आत जा," आई म्हणाली.

मुलगी आत गेली नाही. ती मावशींच्या गुडघ्याकडे बघत होती. कपड्यावरून पट्ट्याचा फुगवटा दिसत होता.

*

त्याच दिवशी मावशी मोठ्या बाईंच्या कार्यालयात गेल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी दोन पानी अर्ज उभ्या उभ्या वाचला, दार लोटलं आणि पुन्हा बसून वाचला. चौकशी संपली आहे, शाळेचं नाव पुन्हा चव्हाट्यावर येईल, तुम्ही एवढ्या वर्षांच्या, विचार करून सोमवारी या, असं त्या समजुतीने म्हणाल्या. अर्ज त्यांनी मावशींच्या दिशेने सरकवला. मावशींनी तो परत सरकवला. तसं तीनदा झालं. चौथ्यांदा मोठ्या बाईंनी त्यावर शिक्का मारला.

ड्रायव्हरला तेवीस दिवसांनी परत घेतलं. मावशींना अर्ज दिला त्या आठवड्याच्या शेवटी काढलं. शेवटच्या दिवशी आपल्या जागी आलेल्या नव्या मुलीला काम दाखवायला त्या बसमध्ये होत्या. मुलगी चुणचुणीत होती. मावशींनी तिला डोक्याला हात लावून मोजायला शिकवलं, तोंडाने नाही, कानाने तर मुळीच नाही. मुलं उतरल्यावर त्या तिला घेऊन शेवटच्या सीटपर्यंत गेल्या. अकरा सीटा, प्रत्येकीखाली वाकून. सातव्या सीटपाशी त्यांना थांबावं लागलं. पाटी त्यांनी त्या मुलीकडून उलटून घेतली, स्वतः हात लावला नाही. मुलांना काही सांगितलेलं नव्हतं. ती नेहमीसारखीच थँक्यू म्हणत उतरली होती. मावशींनी प्रत्येकाला मान हलवली होती.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचं पत्र काढलं. त्याच्यामागे रंगाचा एक उजळ चौकोन राहिला. मुलगी त्यावर कॅलेंडर लावायला निघाली, तर त्यांनी राहू दे म्हणून सांगितलं.

पुढे त्यांना एका लाँड्रीत काम मिळालं. आलेल्या कपड्यांना नंबरच्या चिंध्या बांधायच्या आणि गठ्ठे मोजून आत द्यायचे. काम बसून होतं. त्या प्रत्येक कपड्यावर तळहात ठेवून मोजत. मालक म्हणायचा, मावशी, शर्ट आहेत, आशीर्वाद काय देताय. त्या हसत आणि तसंच मोजत.

शाळेचं वर्ष संपलं त्या आठवड्यात ड्रायव्हर लाँड्रीत आला. गणवेशात होता. पंचा मानेला होता. त्याने गणवेशाचा दुसरा जोड धुवायला टाकला आणि काउंटरला रेलून उभा राहिला. नवी मुलगी बरी आहे, म्हणाला, पण आता मी स्वतःच मागपर्यंत जाऊन येतो, रोज. धाकटीने पुन्हा दोन थँक्यू सुरू केलेत. भुंगा बसने येत नाही, आई सोडायला येते. पण परवा दाराशी उभी होती तेव्हा गुणगुणत होती, असं नव्या मुलीने सांगितलं. मी स्वतः काही ऐकलं नाही.

मग त्याने शर्टाच्या आतून एक पातळ पुस्तक काढलं.

"बाईंनी दिलंय."

"माझ्यासाठी?"

"तसं नाही म्हणाल्या. दोन प्रती दिल्या. एक तुमची, असं मला म्हणाल्या. दुसरीचं काही बोलल्याच नाहीत."

पुस्तकाचं नाव बदललं होतं. वर नुसतंच 'थँक्यू, बस' असं होतं. मावशींनी हात पुसले आणि ते उघडलं. सातव्या पानावर ड्रायव्हर होता, समोरून, चेहऱ्यासकट. तो सीटवरून मागे वळून बसच्या शेवटापर्यंत बघत होता. खांदा तसाच उतरलेला होता. शिट्टी नव्हती. बारा पानांत फाटकावरचा माणूस होता, चाकात हवा भरणारा होता, रस्ता ओलांडून देणारी बाई होती. प्रत्येकाला एक मूल थँक्यू म्हणत होतं. निळ्या गणवेशातलं कुणी नव्हतं. मावशींनी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. नव्हतं.

शेवटच्या पानाखाली ओळ नव्हती. आतून दिसणारी रिकामी बस, मागच्या काचेच्या मधोमध पाटी, वाटेत एक लहान बूट. पुढच्या सीटवर, अगदी कडेला, गुडघ्याचा पट्टा पडलेला होता. त्याच्या एका टोकाला बारीक टाके होते.

"पट्ट्याचा रंग मला विचारला त्यांनी," ड्रायव्हर म्हणाला. "मी म्हटलं, तपकिरी. तर त्यांची पोरगी म्हणाली, दोरा निळा होता."

टाके निळेच होते. सहा होते. मावशींनी काउंटरखाली हात घालून गुडघ्यावरून बोट फिरवलं. सहाच होते.

ड्रायव्हर जरा वेळ थांबला आणि गेला. एक गिऱ्हाईक आलं, त्याने पावती दिली आणि कपडे मागितले. मावशींनी पुस्तक मिटून कोरड्या जागी ठेवलं. समोरच्या गठ्ठ्याची मोजणी कुठपर्यंत आली होती ते त्यांना आठवेना. त्यांनी गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबायला सांगितलं, गठ्ठा पुन्हा जवळ ओढला आणि सगळ्यात वरच्या शर्टावर तळहात ठेवला.

"एक," त्या म्हणाल्या.